सुई हातात देताना

क्योतोतल्या हिरानोंच्या दुकानातली सुई पैसे टाकून मिळत नसे. ती आधी गिऱ्हाइकाची मुलाखत घेई आणि पटलं तरच रुजू होई. सांगलीच्या हेमलता मोघ्यांना हे ठाऊक होतं. मुलाकडे दोन महिने राहायला आल्या होत्या, तरी मुलाखतीसाठी त्यांनी इस्त्रीची साडी राखून ठेवली होती.

हाताने घडवलेली ती सुई रेशमी उशीत खोचलेली होती. मराठी तिला चांगलं येत होतं.

"काम काय?"

"गोधडी. आईच्या साड्यांची. मी आणि माझी धाकटी बहीण कुंदा मिळून शिवणार आहोत."

"अनुभव?"

"गोधडीचा चाळीस वर्षांचा. बहिणीशी बोलण्याचा तीन महिन्यांचा. त्याआधी नऊ वर्षं अबोला होता."

सुईला उत्तर आवडलं. म्हाताऱ्या हिरानोंनी तिला अलगद उचलून तळहातावर धरलं. हेमलताबाईंनी चटकन हात मागे घेतले.

"खाली ठेवा हो! सुई हातात दिली की देणाऱ्या-घेणाऱ्याचं भांडण होतं."

सुईने हे जपानीत सांगताच हिरानोंचा चेहरा पडला. "खाली ठेवलेली सुई म्हणजे टाकलेली सुई," सुई म्हणाली. "मी तुमच्या हातात येणार आणि तुमच्या हातून कुंदाबाईंच्या हातात जाणार. नाहीतर नेमणूक रद्द."

हेमलताबाई मटकन स्टुलावर बसल्या. "यांच्याशी वाजलं तर वाजू दे, हे मला कुठे परत भेटणार आहेत? पण कुंदाशी पुन्हा बिनसलं तर मला आता सोसायचं नाही."

हिरानोंनी विचार केला आणि एक जाड वही काढली. भांडण आगाऊ उरकून घेण्याची तरतूद होती. मात्र ते सुईच्या समोर आणि खरं व्हायला हवं होतं.

हेमलताबाईंनी फोन लावला. सांगलीत दुपारचे बारा वाजले होते. कुंदाने नियम ऐकून घेतला, कुकरखालचा गॅस बंद केला आणि म्हणाली, "हं, कर सुरू."

"सहा महिने आईचं सगळं मी केलं. तू पाहुण्यासारखी यायचीस!"

"आणि तू तेराव्यालाच कपाट उघडलंस! इरकल नेलंस, मला विचारलंस तरी?"

"त्याला आईचा वास होता, म्हणून नेलं."

"मग मला नको होता का वास?"

दोघी फोनवर भडाभडा रडल्या. हिरानोंनी चहा आणून ठेवला आणि वहीत वेळ लिहिली: अठरा मिनिटं. सुईने भांडण पुरेसं असल्याचं सांगितलं. हिरानो आणि हेमलताबाईंचं भांडण राहिलं होतं, तेही मग गुंडाळायच्या कागदावरून दोन मिनिटांत उरकलं. हेमलताबाईंनी हात पुढे केला. हिरानोंनी सुई त्यांच्या तळहातावर ठेवली.

तीन आठवड्यांनी सांगलीत, इरकलची घडी मधे ठेवून, त्यांनी सुई कुंदाच्या तळहातावर दिली. दोघी श्वास रोखून थांबल्या. काहीच झालं नाही.

कुंदाने इरकल नाकाशी नेलं. "ताई, त्या दिवशी तू कपाट..."

"तो विषय निकाली निघालेला आहे," सुई म्हणाली.

"बरं बाई," कुंदा म्हणाली आणि सुई ताईच्या हातात परत दिली. "तूच ओव. मला नेढं दिसत नाही."