वगळलेलं तेल

छापखान्यातले मुद्रितशोधक भिंगातून वाचायचे, म्हणून सगळे त्यांना भिंगराव म्हणत. बावीस वर्षांत त्यांच्या नजरेतून एक काना निसटला नव्हता. हे ते स्वतःच सांगत, दिवसातून निदान दोनदा. "डोळ्यांत तेल घालून वाचतो मी," असं म्हणून ते भिंग शर्टाला पुसत. खाण्याच्या पाकिटांची लेबलं हा छापखान्याचा मुख्य धंदा. भिंगरावांच्या आधीच्या गृहस्थांनी 'खारे शेंगदाणे'चे 'खरे शेंगदाणे' होऊ दिले आणि कायमचे घरी बसले. तेव्हा भिंगरावांचा हा तोरा नुसता तोरा नव्हता, नोकरी त्यावरच टिकून होती.

तर या भिंगरावांना डॉक्टर म्हणाले, "चरबी थोडी वाढलीय. पाकिटातलं खाणं कमी करा. कसलं तेल असतं ते मागे वाचत जा."

वाचत जा! माशाला पोहायला सांगण्यातलाच प्रकार. घरी येऊन भिंगरावांनी अख्खं फडताळ रिकामं केलं. बिस्किटं, टोस्ट, सूपची पुडी, सगळ्यांच्या पाठीवर तेच तीन शब्द : खाद्य वनस्पती तेल.

"आणि मला वाटायचं, वनस्पती म्हणजे आपला पाला असेल काहीतरी," ते हबकून म्हणाले.

"पण ही लेबलं तुम्हीच तपासता ना?" बायकोने विचारलं.

"मी शुद्धलेखन तपासतो. अर्थ बघत बसलो तर काम कधी उरकणार?"

त्यांनी लाल पेन्सिल काढली, प्रत्येक पाकिटावरचे ते तीन शब्द खोडले आणि समासात 'वगळा' अशी छापखान्यातली खूण केली. म्हणजे बायकोला कळावं, हे पुन्हा आणायचं नाही. घरातली पाकिटं संपली तेव्हा शेजारच्या वहिनींची मागून आणली. तीन आठवडे हाच उद्योग. स्वतः उकडलेल्या बटाट्यांवर राहिले. जीव रडकुंडीला आला, पण पेन्सिल थांबली नाही.

एका संध्याकाळी बायको हसतच आत आली. "हे घ्या. बटाट्याचे वेफर्स, आणि तेलाचा पत्ता नाही."

भिंगरावांनी वाचलं. घटक : बटाटे, मीठ, मिरपूड. ऱ्हस्वदीर्घसुद्धा बिनचूक. मग काय, दोन पाकिटं बघता बघता फस्त झाली. तिसरं फोडताना त्यांनी सवयीने भिंग उचललं, तर काचेवर अंगठ्याचा तेलकट ठसा उमटला. पुसला तर आणखी पसरला.

त्यांनी पाकीट उलटं केलं. तळाशी बारीक अक्षरांत त्यांच्याच छापखान्याचं नाव होतं. मग त्यांना कामावर तपासलेलं याच पाकिटाचं प्रूफ आठवलं. लाल पेन्सिल, तीन शब्द, वगळा. हात आपोआप चालला होता. अक्षरं जुळवणाऱ्या बाईंनी ती खूण मुकाट पाळली, कारण भिंगरावांच्या खुणेवर शंका घेण्याची तिथे पद्धतच नव्हती.

"काय झालं? फार खारे आहेत का?" बायकोने विचारलं.

"खारे आहेत. खरे नाहीत."

त्यांनी सगळं सांगितलं. वर म्हणाले, "अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. गप्प बसलो तर निभावेल."

"अहो, मी वहिनींनाही सांगून बसले. त्यांच्या सासऱ्यांना पथ्य आहे, ते खूश झाले अगदी."

भिंगराव तसेच अनवाणी धावले. म्हातारबुवांनी पाकिटात हात घातलाच होता. तो हात बाहेर काढायला भिंगरावांना बरीच झटापट करावी लागली आणि शिव्याही खाव्या लागल्या.

सकाळी ते मालकांसमोर उभे राहिले. पाकीट पुढे ठेवून डॉक्टरांच्या सल्ल्यापासून सगळं सांगितलं आणि म्हणाले, "चूक माझी आहे. बाईंना काही बोलू नका."

मालकांनी पाकीट वाचलं, मग भिंगरावांकडे पाहिलं. वेफर्सवाल्याला फोन करून दुकानांतला माल परत मागवायला सांगितलं. हळूच म्हणाले, "स्वतःहून आलात म्हणून राहा. पण हे तीन शब्द छापलेल्या पट्ट्या प्रत्येक पाकिटावर तुम्ही चिकटवायच्या. तुमच्या हाताने."

पाकिटं दहा हजार होती. भिंगराव मान खाली घालून निघाले.

"आणि तेल सोडलंत ते बरंच केलंत," मालक मागून म्हणाले. "पण डोळ्यांत घालायचं तेवढं चालू ठेवा."

'घाण्याचं घातलं तर चालेल ना?' हा प्रश्न भिंगरावांच्या अगदी ओठांवर आला होता. त्यांनी तो वगळला.