भारंबे बंधू आणि सात डिसेंबर

सात डिसेंबरला बोदवडच्या केसरबाईंच्या नातवाचं लग्न होतं. पण सकाळी ऑफिसात येऊन ज्योत्स्नानं कॉम्प्युटर उघडला, तर त्या तारखेवर भलतंच नाव दिसलं.

"आबा, जरा इकडं या," तिनं सासऱ्यांना हाक मारली. "सात तारखेला कोणी शिरसाठ दिसताहेत. नरडाण्याचे."

पितांबर भारंबे चष्मा कपाळावरून नाकावर आणत आले. जळगावातलं 'भारंबे बंधू मंगल कार्यालय' ते तरुणपणापासून चालवत होते. कोणत्या लग्नात किती पंगती उठल्या, हे त्यांना तोंडपाठ असे. नरडाण्याचं एकही गिऱ्हाईक त्यांच्याकडं कधी आलं नव्हतं. नरडाणा धुळ्याकडं. आणि धुळ्यात होता मोतीलाल.

"मोत्या!" पितांबर ओरडले. "मोत्यानं घुसवलं हे!"

मोतीलाल त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. त्याचं धुळ्याचं कार्यालयही 'भारंबे बंधू'च. दोघांत बोलणं बंद होऊन सहा-सात वर्षं झाली होती. कारण वांग्याचं भरीत. एका नातेवाइकाच्या लग्नात, भरल्या पंगतीत, मोतीलाल म्हणाला होता, "दादाच्या भरताला धुराचा वासच नाही. वांगी भाजली का उकडली?" पितांबर ताटावरून उठले. धंद्याची वाटणी झाली, दोन शहरं झाली, पण पाटीवरचं 'बंधू' काढायला दोघंही तयार नव्हते. ज्यानं काढलं त्यानं हार मानली, असं दोघांचंही मत होतं.

ज्योत्स्नाला मात्र वेगळीच शंका आली. गेल्याच आठवड्यात बुकिंगचा सगळा डेटा क्लाउडवर गेला होता. जुना कॉम्प्युटर दर दोन दिवसांनी बंद पडायचा, म्हणून तिनं युवराज नावाच्या तंत्रज्ञाला बोलावलं होतं. "आबा, क्लाउडवर टाकताना काही गडबड झाली असेल. मी युवराजला फोन लावते."

"मले दे तो फोन!"

युवराज आनंदी स्वभावाचा मुलगा होता. "बोला भाऊ! कसं वाटतंय नवीन?"

"नवीन गेलं खड्ड्यात! आमच्या ढगात चोर शिरला! आमचं गिऱ्हाईक पुसून त्यानं त्याचं लिहिलं!"

"धुळ्याकडून आलं असेल, भाऊ. तिथल्या हितेंद्रभाऊंचाही डेटा मीच चढवला ना. दोन्हीकडं एक एक प्रत ठेवली आहे आणि त्या एकमेकींना जोडल्या आहेत. तिकडं लिहिलं की लगेच इकडं दिसतं. इकडं लिहिलं की तिकडं. एक मशीन जळलं तरी दुसऱ्यावर सगळं शाबूत!"

"जोडलं? कोणी सांगितलं तुले जोडायले?"

"नाव एकच, आडनाव एकच, पाटीवरचा गणपतीसुद्धा एकच. मला वाटलं, एकाच घरच्या दोन शाखा."

आता यावर 'आम्ही भाऊ भाऊ बोलत नाही' असं परक्या पोराला सांगणं पितांबरांना जमण्यासारखं नव्हतं. ते नुसतेच लाल झाले आणि त्यांनी फोन आपटला. फोन ज्योत्स्नाचा होता.

घोळ खरं तर साधा होता. ते सॉफ्टवेअर मुळात एकाच कार्यालयासाठी बनवलेलं. एका तारखेला एक लग्न, हा त्याचा नियम. सात डिसेंबरला जळगावात केसरबाई होत्या आणि धुळ्यात शिरसाठ. दोन्ही याद्या एकत्र झाल्यावर जे नाव नंतर लिहिलेलं, ते राहिलं. दुसरं गेलं. ज्योत्स्नानं हे सासऱ्यांना नीट समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मोत्यानंच केलं."

त्यांनी तिला खुर्चीवरून उठवलं आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, शिरसाठांचं नाव पुसून केसरबाईंचं लिहिलं. शेवटी 'शेरा' असा एक रकाना होता. एरवी तिथं 'पाण्याची सोय बघणे' वगैरे लिहायचे. पितांबरांनी लिहिलं, 'ही तारीख आमची आहे. हात लावू नये.'

धुळ्यात मोतीलालनं स्क्रीन बघितला. शिरसाठ गायब, केसरबाई हजर आणि खाली दादाची भाषा! "हितेंद्र, सरक!" त्यानं मुलाला बाजूला केलं. शिरसाठ परत आले. शेरा: 'हात तुमचेच लांब. लहानपणापासून.'

ते जळगावात तत्काळ उमटलं. युवराज खोटं बोलला नव्हता.

"बघितलं?" पितांबर म्हणाले. "लहानपणावर गेला!" केसरबाई परत आल्या. शेरा: 'तुझ्या भरतात नुसतं पाणी.'

लगेच शिरसाठ. शेरा: 'तुमचे पंखे फिरत नाहीत, नुसते हलतात.'

"आबा, पुरे करा आता," ज्योत्स्ना म्हणाली. "मी हितेंद्र भाऊजींशी बोलून घेते. दोन वेगळे रकाने केले की झालं."

"रकाने?" पितांबरांनी टेबलावर हात मारला. "त्यानं माझे पंखे काढले, पोरी! आता रकान्यानं मिटत नाही हे. समोरासमोरच होईल!" त्यांनी गाडीची किल्ली उचलली. ज्योत्स्ना मागे धावली, तोवर गाडी फाटकाबाहेर गेली होती.

ती परत आत आली तेव्हा टेबलावरचा फोन वाजत होता. बोदवडहून केसरबाई बोलत होत्या, आणि बोलत होत्या म्हणणंही कमीच. नव्या सोयीत युवराजनं आणखी एक सोय करून दिली होती. बुकिंगमध्ये काहीही बदललं की गिऱ्हाइकाला मोबाइलवर आपोआप निरोप जायचा. शेऱ्यासकट. सकाळपासून केसरबाईंचं लग्न दोनदा रद्द झालं होतं आणि दोनदा पक्कं झालं होतं. शेवटचा निरोप होता, 'आपले बुकिंग रद्द झाले आहे. शेरा: तुमचे पंखे फिरत नाहीत, नुसते हलतात.'

"माहे पंखे?" केसरबाई विचारत होत्या. "माह्या घरच्या पंख्याशी त्याले काय करणं? मी येऊन राह्यली तिथी!"

ज्योत्स्नानं सासऱ्यांना फोन लावला. गाडी चालवताना ते फोन घेत नसत, आणि रागात तर मुळीच नाही.

पारोळ्याच्या अलीकडं समोरून एक पांढरी गाडी दिवसाढवळ्या दिवे चमकवत, हॉर्न दाबत आली आणि घासून गेली. "मरायचं तर एकटा मर ना!" पितांबर काचेतून ओरडले. पलीकडूनही कोणीतरी हात उगारून तसंच काहीसं ओरडलं. तो मोतीलाल होता. त्यालाही दादाला समोरासमोरच भेटायचं होतं.

धुळ्याच्या कार्यालयात पितांबर दार ढकलून घुसले. "कुठी शे तो?"

हितेंद्र उभा राहिला. काकांना त्यानं इतक्या जवळून बऱ्याच वर्षांनी बघितलं होतं. "काका, पप्पा तर तुमच्याचकडं गेले. तासभर झाला."

"माह्याकडं? कशाले?"

"भांडायला."

एवढा वाटभर जमवून आणलेला राग, आणि समोर ज्याच्यावर काढायचा तोच नाही. ते मोतीलालच्या खुर्चीत बसले. खुर्चीचा एक पाय आखूड होता, ती डुगडुगली. हितेंद्रनं दिलेलं पाणी ते प्याले आणि वाट बघत बसले.

तेवढ्यात दारात नरडाण्याचे सुकदेव शिरसाठ उभे राहिले. तिथल्या औद्योगिक वसाहतीत ते सुपरवायझर होते, शांत माणूस म्हणून त्यांची ख्याती होती, आणि त्यांच्या हातात मोबाइल होता.

"मोतीलालशेठ कुठं आहेत?"

"बाहेर गेले. मी त्याचा मोठा भाऊ. बोला."

"मग तुम्हीच सांगा, हाई काय शे?" ख्याती विसरून शिरसाठ ओरडले. "मनी पोरनं लगीन शे, सख्ख्या पोरीचं! सकाळपासून रद्द, पक्कं, रद्द, पक्कं! आणि वर हे शेरे! माणूस आहे का कोण तो? खोटारडा! लबाड!"

नेमके हेच दोन शब्द बोलायला पितांबर जळगावहून आले होते. वाटेत त्यांनी ते चारचौघांत शोभतील अशा चालीवर घोळूनही ठेवले होते. पण दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकल्यावर त्यांच्या कानशिलात काहीतरी तडतडलं.

"लबाड कोणाले म्हणता?"

"तुमच्या भावाला!"

"माहा भाऊ लबाड नाही. तापट असेल, मूर्ख असेल, पण लबाड नाही! लाखभर पान जेवून गेलं असेल त्याच्या हातचं!"

"जेवून?" शिरसाठांनी मोबाइल त्यांच्या नाकाशी धरला. "हे वाचा! 'तुझ्या भरतात नुसतं पाणी!' मुलीच्या बापाला असं लिहितात? आमच्या घरचं भरीत कधी खाल्लंय तुमच्या भावानं?"

पितांबरांनी वाचलं. अक्षरन् अक्षर त्यांचंच होतं. माणसानं इथं गप्प बसावं, पण गप्प बसणं त्या घराण्यात कोणालाच येत नव्हतं.

"ते तुमच्या भरताबद्दल नाही! ते मोत्याच्या भरताबद्दल आहे!"

"म्हणजे इथलं भरीत पाणचट आहे?"

"कोण म्हणतो पाणचट?" पितांबर खुर्चीतून उठले. "मोत्यासारखं भरीत साऱ्या खान्देशात कोणाले जमत नाही! काड्यांच्या जाळावर भाजतो तो, तुमच्यासारखं गॅसवर नाही!"

"अहो, तुमच्याच निरोपात लिहिलंय!"

"लिहिलं असेल! लिहिणारा गाढव होता!"

हितेंद्र मध्ये पडायला गेला. "काका, शिरसाठसाहेबांचं म्हणणं..."

"तू गप! घरच्या माणसाले चोर-लबाड म्हणणाऱ्याचं लग्न या मांडवात होणार नाही. काढ त्यांचं नाव! आत्ता काढ!"

"काढाच!" शिरसाठ म्हणाले. "आम्ही नरडाण्यात शाळेच्या पटांगणात करू, पण इथं पाय ठेवणार नाही!" आणि ते गेले. हितेंद्रनं काकांकडं बघितलं, स्क्रीनकडं बघितलं आणि नाव काढलं. मोठ्या माणसानं सांगितलेलं न ऐकणं त्यालाही येत नव्हतं.

पितांबर घाम पुसत बसले. पण बरं वाटत होतं. इतकं बरं त्यांना किती तरी दिवसांत वाटलं नव्हतं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी उचलला.

"हितेंद्र?"

आवाज ओळखायला पितांबरांना एक क्षणही लागला नाही.

"हितेंद्र नाही. मी आहे."

"दादा? माह्या खुर्चीत बसला तू?"

"डुगडुगते ती. पाय का नाही बसवत?"

"अन् तुझा पंखा? खरंच नुसता हलतो! घामानं भिजलो मी इथी!"

"भीज. जेवला का?"

"जेवायले सवड कुठी? तुझ्या गिऱ्हाइकांशी भांडून दमलो." मोतीलालचा आवाज चढला. "ती बोदवडची म्हातारी आली होती. म्हणे, पितांबर म्हातारपणी वेडा झाला, त्याले दवाखान्यात घाला. माह्या तोंडावर! माह्या भावाले वेडा!"

"मग?"

"मग काय! म्हटलं, माहा दादा वेडा तर तुमचं अख्खं बोदवड वेडं. निघा! दुसरीकडं करा लग्न! हाकलून दिली."

पितांबर ताडकन उभे राहिले. "केसरबाईले हाकललं? अरे मूर्खा, तिच्या घरची बठ्ठी लग्नं, एकूण एक, माह्याकडं झाली! तिच्या पोरांची, पोरींची! तिले हाकललं?"

"तुझ्यासाठी हाकललं!"

"मी सांगितलं होतं का तुले?"

"मग काय, ऐकून घेऊ? तुले शिव्या देण्याचा हक्क तिचा आहे का माहा?" मोतीलाल दम घेत म्हणाला. "बरं, ते जाऊ दे. तिथी शिरसाठ म्हणून येतील. चांगला माणूस आहे. त्यांले चहा पाज, नीट बोल, अन् सांग, तारीख पक्की आहे."

पितांबरांनी टेबलावरचा रिकामा ग्लास सरळ करून ठेवला.

"दादा?"

"येऊन गेले."

"चहा पाजला का?"

"नाही."

"दादा," मोतीलालचा आवाज एकदम बारीक झाला, "तू काय केलं?"

"तुले लबाड म्हणत होता तो!"

"म्हणू दे ना! तारीख शे का त्याची?"

"नाही."

यानंतर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी जे सुरू झालं, ते ज्योत्स्नाला जळगावात आणि हितेंद्रला धुळ्यात फोनशिवायही ऐकू आलं असतं. सहा-सात वर्षांचं सगळं निघालं. भरीत निघालं, वाटणी निघाली, लहानपणी कोणी कोणाला विहिरीत ढकललं तेही निघालं. मध्येच मोतीलालनं विचारलं की, वहिनीचे गुडघे कसे आहेत, आणि पितांबरांनी ओरडूनच सांगितलं की, बरे आहेत.

या गदारोळात पितांबरांचा मोबाइल वाजायला लागला. युवराज होता. ज्योत्स्नानं मघाशी त्याला झाला प्रकार कळवला होता आणि तेव्हापासून तो दोन्ही प्रती उघडून बसला होता.

"भाऊ, तुम्ही सकाळी चिडला होतात ना, सात तारखेवरून?" युवराजच्या आवाजात कामगिरी फत्ते केल्याचा आनंद मावत नव्हता. "आता बिनघोर राहा. मी स्वतः तपासलं. जळगाव कोरं, धुळे कोरं. एका अक्षराचाही फरक नाही!"