हमिंग येस का?

माझ्या घरमालकांनी मला खोली दाखवायच्या आधी खुर्चीत बसवलं, डोक्यावर एक जाडजूड हेडफोन चढवला, समोर स्टूल ओढून बसले आणि विचारलं, "हमिंग येस का?" त्यांच्या बोलीत 'येस' म्हणजे 'येते'.

मी बँकेत नोकरीला. बदली होऊन शहाद्याला आले होते आणि एसटी स्टँडवरून बॅग ओढत थेट त्यांच्या दारात. भाडं किती, पाणी किती वाजता, लग्न का नाही केलं, या सगळ्या प्रश्नांची तयारी करून आले होते. हा प्रश्न मात्र कुठल्याच घरमालकानं विचारला नव्हता. हेडफोनमध्ये गाणं नव्हतं, बातम्या नव्हत्या, साधी खरखरसुद्धा नव्हती.

"काहीच ऐकू येत नाही. बंद आहे बहुतेक."

"बंद नही, चालूच शे. हमिंग येस का, तेवढं सांग."

"नाही बुवा."

त्यांचा चेहरा असा उतरला की मी त्यांचं घर जाळलंय असं मलाच वाटलं. त्यांच्या मागे दारात एक बाई उभ्या होत्या. त्या मान हलवून, डोळे मोठे करून मला कसल्यातरी खुणा करत होत्या. मला काही कळलं नाही. मी हेडफोन काढून ठेवला. खोली मिळाली, पण मला पहिला धक्का बसला तो असा उंबरठ्याच्या आतच.

हे हिरालाल आप्पा. साखर कारखान्याच्या टर्बाइन हाऊसमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून आयुष्य काढलं. घरची केळीची शेती धाकटा भाऊ सुपडू बघतो. आणि आप्पा काय करतात? हेडफोनसाठी ॲम्प्लिफायर बनवतात. म्हणजे हेडफोनमध्ये जाणाऱ्या आवाजाला ताकद देणारं यंत्र. तेही साधंसुधं नाही, "हाय-एंड". जगात या गोष्टीचे शौकीन पुष्कळ आहेत म्हणे. शहाद्यात एकटे आप्पा.

हमिंग म्हणजे विजेच्या तारांमधून यंत्रात शिरणारा बारीक 'हूंऽऽ' आवाज. तो मुळापासून घालवायचा, हा आप्पांचा एकमेव ध्यास. यंत्र तयार झालं की हमिंग येई. आप्पा ते खोलत, नवीन जोडत, परत हमिंग येई. मी एकदा सहज विचारलं, "आप्पा, तुम्हाला गाणी कुठली आवडतात?"

"गानं?" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "गानं लावं का हमिंग दबाई जास. मंग कळी कसं?"

मी हादरले. एवढा खटाटोप करून हा माणूस गाणं ऐकतच नव्हता! "हाय-एंड म्हंजे काय? काहीच नही वाजाले पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काहीच वाजत नाही याची खात्री करून घ्यायला ते दिवसाचे कितीतरी तास कान देऊन बसत.

राहायला गेल्यानंतर लवकरच, एका सकाळी आप्पा आंघोळ करून तांब्याभर पाणी घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात गेले. तिथं विटांनी बांधलेला एक छोटा खड्डा होता. त्यात त्यांनी मीठ टाकलं, सावकाश पाणी ओतलं आणि डोळे मिटून उभे राहिले. मला वाटलं, कुलदैवत असेल. मीही चप्पल काढून हात जोडले. जिजी, म्हणजे त्या खुणा करणाऱ्या बाई, आप्पांच्या पत्नी, पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"अव ताई, ती अर्थिंग शे!"

मिठाचं पाणी घातलं की वीज जमिनीत चांगली उतरते आणि हमिंग कमी होते, हे मला नंतर समजावून सांगण्यात आलं. पण मी मनोभावे हात जोडले होते त्याचं काय?

मग कढईचं प्रकरण. जिजींनी शेवभाजी करायला घेतली आणि कढई जागेवर नाही. शोधता शोधता ती आप्पांच्या टेबलावर सापडली. एकटी नव्हे. मोलगीच्या बाजारातून तशीच दुसरी आणून, दोन्ही कढया तोंडाला तोंड लावून बोल्टनं पक्क्या आवळल्या होत्या आणि मध्ये ट्रान्सफॉर्मर.

"लोखंडमा ठेवं का ट्रान्सफॉर्मरनी हमिंग भाईर येत नही," आप्पा म्हणाले.

"नि भाजी मी काय तुम्हना ट्रान्सफॉर्मरमा करू?"

या कढयांचा फोटो त्यांनी इंटरनेटवर शौकिनांच्या घोळक्यात टाकला. जर्मनीहून एकानं विचारलं, इतकं सुंदर एन्क्लोजर, म्हणजे यंत्राचं कवच, कुठं मिळतं? आप्पांनी माझ्याकडून इंग्रजीत उत्तर लिहून घेतलं: मोलगीचा आठवडी बाजार, लवकर जावं, नंतर चांगला माल उरत नाही. हे मी लिहिलं. बँकेत अधिकारी आहे मी.

कॉलनीत कुणी मिक्सर लावला की आप्पा गेटशी हजर. "जरासा थांब ना माय, चटनी काय पळी जाई का?" बायका थांबत! भांडत नसत, हे मला फार चमत्कारिक वाटे. सगळ्यात चमत्कारिक म्हणजे आप्पा ज्याच्या त्याच्या डोक्यावर हेडफोन घालत आणि ज्याला त्याला हमिंग ऐकू येई. दूधवाला म्हणे, "येस, थोडीशी येस." गॅस सिलिंडरवाला म्हणे, "हां आप्पा, शे." जिजी तर रोज संध्याकाळी स्वयंपाकाच्या आधी त्यांच्याशेजारी बसत, हेडफोन लावून, डोळे मिटून. आणि म्हणत, "येस बरं का."

मला एकटीला येत नव्हती. आणि माझा स्वभाव असा की नाही म्हणजे नाही. दर रविवारी आप्पा विचारत, मी ठणकावून सांगे, "अजिबात येत नाही. उत्तम झालंय मशीन." त्यावर माणसानं आनंदानं उडी मारायला हवी. आप्पा मात्र यंत्र उचलून आत जात.

अशाच एका रविवारी दुपारी जिजींनी मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लावून घेतलं.

"तू 'नही' काबर म्हनस व? तुन्हा 'नही'मुळे त्या आज जेवनात नही." त्या म्हणजे आप्पा.

"अहो, पण येतच नाही हमिंग!"

"कसानी ई? ती मशिनमा नहीच शे. ती त्यासना कानमा शे."

मी पाटावर बसलेच. जिजींनी दबक्या आवाजात सांगितलं ते असं. टर्बाइनशेजारी इतकी वर्षं काढल्यावर तो आवाज आप्पांच्या कानात कायमचा बसला. यंत्र बंद असो, चालू असो, हेडफोन असो, नसो, त्यांना 'हूंऽऽ' ऐकू येतंच. हेडफोन काढल्यावरही येतं म्हणून ते घरातल्या तारांना, अर्थिंगला, शेजारच्या मिक्सरला दोष देतात. नंदुरबारच्या कानाच्या डॉक्टरांनी हे जिजींना एकटीला सांगितलं. आप्पा तेव्हा बाहेर दवाखान्याचा स्टॅबिलायझर तपासत होते.

"त्यासले कळनं का कान गया, तं त्या मशिनले परत हात लावाव नहीत," जिजी म्हणाल्या. "मंग मानूस दिवसभर काय करी? भिंतले देखत बठी. म्हनीसन मी सगळासले सांगेल शे, येस म्हना."

म्हणजे दूधवाला, सिलिंडरवाला, चटणी अर्धी टाकून थांबणाऱ्या बायका, अख्खी कॉलनी सामील होती! मी विचारलं, "आणि तुम्ही रोज डोळे मिटून ऐकता, ते?"

"माले काय आयकू येस? कप्पाळ!" त्या हसल्या आणि मग डोळे पुसत कांदा चिरायला बसल्या. मला फार वाईट वाटलं. पुढच्या रविवारी मी पार्टी बदलली. आप्पा खूश. "देखा! बँकवाली ताईलेबी येस!"

सगळं सुरळीत चाललं असतं. पण आप्पांनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली. घरची वीजच नको, बॅटरीवर यंत्र चालवून बघू, असा विचार. नेमकी त्याच दिवशी केळीची कापणी. सुपडू तणतणत अंगणात आला.

"दादा, तुले हमिंग काढनीच शे तं डोंगरमा जाय! मोलगीना वरे, जठे तारच नही. तठेबी उनी तं समजी ले, तुन्हा कानमाच शे!"

तो रागाच्या भरात बोलून गेला. जिजींच्या हातातलं सूप तिथंच थांबलं. आप्पा मात्र शांतपणे म्हणाले, "बरं. जाऊत."

रविवारी भाड्याची जीप केली. पुढे आप्पा, मांडीवर कढया. मागे मी, जिजी आणि आमच्या मध्ये बॅटरी. घाटभर जिजींनी माझा हात सोडला नाही. त्यांचा हिशेब साधा होता आणि तो त्यांनी माझ्या कानात पुन्हा पुन्हा सांगितला. तिथं आप्पांना हमिंग येणारच. आम्ही 'येस' म्हटलं तर दोष यंत्राचा. 'नही' म्हटलं तर कानाचा. "मोठाथीन म्हन. मन्हा आधी म्हन."

मोलगी मागे टाकून पुष्कळ वर गेल्यावर रस्ता संपला. खांब नाही, तार नाही, मोबाइलला रेंज नाही. खाली नाला वाहत होता. जिजी पाणी भरायला उतरल्या. जाताना मला डोळ्यांनी बजावून गेल्या, मी येईपर्यंत सुरू करू देऊ नको.

आप्पा एका दगडावर बसले आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी हेडफोन चढवून डोळे मिटले. मी घाबरून यंत्राकडे बघितलं. बॅटरीच्या दोन्ही वायरी मोकळ्या लोंबत होत्या.

"आप्पा, वायर लावायची राहिली."

"ऱ्हायनी नही. लावीच नही."

"मग ऐकताय काय?"

"हमिंग."

इतके धक्के खाल्ले होते त्या घरात, पण हा सगळ्यात मोठा. आप्पांनी डोळे उघडले.

"ताई, मी जिंदगीभर इलेक्ट्रिकनं काम करं. करंट नही तठे हमिंग कोठून ई? तो डॉक्टर तिले सांगी ऱ्हायना व्हता तवय दार उघडंच व्हतं."

मला भयंकर राग आला. कढया, मिक्सर, सुपडूची बॅटरी, माझं जर्मनीला पाठवलेलं उत्तर! "मग हे सगळं कशाला?"

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि त्याची वायर बोटाला गुंडाळत बसले.

"हाऊ आवाज कोनलेच आयकू येत नही. फकत माले. उठता-बसता. त्यामा मानूस लई एकला पडी जास, ताई. तुम्ही सगळा बोली ऱ्हायना तरी मी त्या आवाज संगे एकलाच. मंग एक दिन ती मन्हा जवळ बठनी, हेडफोन लावा नि म्हने, येस. ती खोटं बोलस, माले माहीत शे. पन ती बठेल ऱ्हास तेवढा येळ मी एकला नही ऱ्हात. मशिन चांगलं व्हई गयं तं ती कसाले बठी?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी चपलेतला खडा काढत बसले.

"तिले सांगू नको. तिले वाटस, ती माले सांभाळी ऱ्हायनी. सांभाळू दे."

जिजी चढण चढून धापा टाकत आल्या. लुगड्याचा काठ ओला, हातात बाटली, आणि माझ्याकडे एक जळजळीत कटाक्ष. आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल सहज बॅटरीवर टाकला.

"काय व्हयनं? उनी का?"

"येस व."

"सरका. माले देखू द्या."

त्या त्यांच्याशेजारी दगडावर टेकल्या. दगड लहान होता. आप्पांनी हेडफोन उलगडून एक बाजू त्यांच्या कानाला लावली, दुसरी स्वतःच्या. जिजींनी डोळे मिटले. खूप वेळ ऐकलं. त्या बंद यंत्रातलं काहीच नसलेलं त्यांनी अगदी मन लावून ऐकलं.

"येस," त्या म्हणाल्या. "पन घरपेक्षा कमी शे."

आप्पांनी मान डोलावली. "कमी शे ना? मालेबी कमीच वाटी ऱ्हायनी."