रत्नाबाईचा निवाडा

केळव्याच्या भगवंत आणि शांताराम या भावांनी वाडी वाटली, माड वाटले, पोफळी वाटल्या. आई तेवढी वाटायची राहिली. धाकटा शांताराम तारापूरला वीजघराच्या बांधकामावर लागल्यापासून "मी घरी आसतो कुटं?" म्हणू लागला, आणि थोरला "मग मी येकट्यानंच का?" म्हणू लागला. आईवरून कोर्टात जायची मात्र दोघांना लाज वाटे. तेवढी शिल्लक होती. म्हणून लवादाचं काम करणारे वकील पालघरहून आणायचं ठरलं. ते सांगतील ते मान्य, अशी दोघांनी देवीची आण घेतली.

नागोराव वकील मूळचे नांदेडकडचे. त्या उन्हाळ्यात त्यांनी विहिरींचे बरेच तंटे मिटवले होते, त्यामुळे इथे विहिरीला बाव म्हणतात हे त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं. या घरात आईला बाय म्हणतात, हे त्यांना कोण सांगणार? भगवंतच्या ओटीवर टेकतात तोच "बायची वाटणी करून द्या" असं कानी आलं, आणि वकिलांनी बाव समजून कामाला हात घातला.

"किती जुनी?"

"सत्तरी उलटली," भगवंत म्हणाला.

"उन्हाळ्यात आटते?"

"आटते बिचारी."

"गोड की खारट?"

भगवंत जरा घोटाळला. "पयली लय गोड व्हती. बापूस गेला तवापासून खारट झालीय."

"वापर कोण करतं?"

"काम पडलं का दोगं पन," शांताराम मान खाली घालून म्हणाला. "नायतर कोन डोकावत नाय."

इतके प्रामाणिक पक्षकार वकिलांना क्वचितच भेटले होते. त्यांनी बसल्या जागी निवाडा देऊन टाकला. "पंधरा दिवस याची, पंधरा दिवस त्याची. ज्याची पाळी, निगा त्याची. आणि दोघांनाही नकोच असेल, तर उगाच वाद कशाला? बुजवून टाका."

दाराआडून रत्नाबाई चहाचा कप घेऊन बाहेर आली.

"चा घ्या, सायेब. बुजवायचं काय, त्ये व्हईल. थोडेच दिस ऱ्हायले."

"या कोण?" वकिलांनी विचारलं.

"हीच बाय," भगवंत म्हणाला. "आमची आय."

नागोरावांनी हातातला कप खाली ठेवला. "अहो, मी विहीर समजलो. निवाडा मागे घेतो." पण शब्द जायचा तिथे गेला होता. भगवंतला रडूच कोसळलं, आणि ते खोटं नव्हतं.

"वाटनी नाय करायची. बाय माज्याकडं ऱ्हाईल."

"तुज्याकडं का? माज्याकडं ऱ्हाईल," शांताराम उठला.

"आजवर कवा इचारलंस तिला?"

"तू कवा इचारलंस?"

आवाज चढले. शेजारपाजार कुंपणाशी गोळा झाला. नागोराव सवयीने पुढे सरसावले. "थांबा, थांबा. हेही मिटवून टाकू."

रत्नाबाईने त्यांना हातानेच अडवलं. तिच्यासाठी कोणी भांडून किती वर्षं झाली, ते तिचं तिलाच आठवत नव्हतं.

"नका मिटवू, सायेब," ती हळूच म्हणाली. "चार दिस तरी भांडू द्या."