ठासून भरलेली बंदूक

"आज मंडळाची सभासद होऊनच घरी येणार! नाही झाले तर टॅम्सिन नाव लावणार नाही!"

सोळा वर्षांच्या टॅम्सिनने सकाळी सकाळी गर्जना केली. जुन्या फौजी बंदुका जमवणाऱ्यांच्या स्प्रिंगफील्डमधल्या मंडळात सगळे सत्तरीपुढचे! अध्यक्ष व्हिटकमकाकांचं तर ठाम मत होतं, की पोरींना चकमकीची बंदूक आणि छत्री यांतला फरकही कळत नाही.

चर्चच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं. मंडळाचा नियम कडक: टेबलावर मांडण्याआधी प्रत्येक बंदुकीच्या नळीत गज सोडून बघायचा. न जाणो, दोनशे वर्षांपूर्वी कुणा शिपायाने ठासलेली दारू अजून आतच असायची! नळी रिकामी असली की गज तळापर्यंत जाऊन खण्णकन वाजतो.

"चल, दाखव करून. जमलं तर झालीस सभासद," व्हिटकमकाका मिशीत हसले.

टॅम्सिनने आपल्या हार्लन आजोबांचीच बंदूक उचलली.

"अगं, ती नको! ती मी सकाळीच तपासलीय."

"नियम म्हणजे नियम, आजोबा!"

तिने गज सोडला. भद्द! चांगला हातभर गज बाहेरच!

"भरलेली आहे!" टॅम्सिन किंचाळली.

मग काय! डोनट विकणाऱ्या बायका टेबलाखाली आणि गुडघेदुखीवाले म्हातारे हरणासारखे दाराबाहेर! आजोबा मात्र बंदुकीला मिठी मारून उभे.

"तुम्ही जा सगळे! हिचं काय ते मी बघतो!"

"केवढा हा धीर!" वर्ना आजीचे डोळे भरून आले. "हार्लन, तुला काही झालं तर मी काय करू रे?"

टॅम्सिन आजोबांचा हात धरून ओढू लागली. सभासदत्व गेलं खड्ड्यात, आजोबा वाचू देत!

तेवढ्यात व्हिटकमकाका किटली घेऊन धावले. "दारू भिजवली की धोका संपला!"

"पाणी नको!"

"जीव मोठा की लोखंड, हार्लन?" किटली तिरकी झाली.

"अरे थांब! माझे सिगार भिजतील!"

दाराबाहेरची मंडळी एकेक करून आत डोकावली. आजीने डोळे पुसले, बंदूक ओढून घेतली आणि उलटी केली. आधी रुमालाचा बोळा पडला. मागोमाग, डॉक्टरांनी कधीच बंद केलेले सिगार कवायतीतल्या शिपायांसारखे ओळीने बाहेर आले!

व्हिटकमकाकांनी टॅम्सिनचा हात हातात घेतला. "नळी भरलेली होती, पोरी. अगदी बरोबर ओळखलंस. झालीस सभासद!"

टाळ्यांचा कडकडाट!

आजीने तिच्या हातात गज दिला. "अभिनंदन, सभासदबाई! आता गाडीत बसा. घरी भिंतीवर अजून तीन टांगल्यात."

आजोबा घाईघाईने म्हणाले, "मी... जरा पुढे जाऊन दार उघडून ठेवू का?"