आत्मचरित्रातली दाढ

लेखिकाबाईंचं आत्मचरित्र आपल्याइतकं कुणी वाचलेलं नाही, असं आमचे दातांचे डॉक्टर छाती ठोकून सांगत, आणि ते खरंच होतं. खुर्चीतल्या पेशंटच्या तोंडात कापूस असतो, त्याला नको म्हणता येत नाही, ही सोय साधून ते उतारेच्या उतारे ऐकवत. त्यातही सातवं प्रकरण म्हणजे त्यांचा जीव की प्राण. कॉलेजात जायचा हट्ट धरला म्हणून सोळाव्या वर्षी काकांनी थोबाडीत मारली आणि उजवीकडची खालची दाढ तिथल्या तिथे पडली, हा तो प्रसंग. ‘आजही जीभ त्या रिकाम्या जागेशी थबकते,’ या वाक्याला डॉक्टरांचा गळा हमखास दाटून यायचा. पेशंटच्याही डोळ्यांत पाणी असायचं, पण त्याचं कारण वेगळं.

बाई दुसरा खंड लिहिताहेत अशी बातमी आली आणि डॉक्टरांना एकच ध्यास लागला. त्या खंडात आपण यायचं! नाव नसलं तरी चालेल, ‘एक भला डॉक्टर’ एवढं आलं तरी जन्माचं सार्थक. दवाखान्यातली सगळी कामं सांभाळणाऱ्या त्यांच्या बायकोचं म्हणणं असं, की ज्या बाईंनी तुम्हाला पाहिलेलंही नाही त्या तुम्हाला पुस्तकात घेतील कशाला? डॉक्टर म्हणत, तुला वाङ्मयातलं कळत नाही.

आणि एके दिवशी साक्षात बाई दवाखान्यात हजर! गाल सुजलेला, त्यावर रुमाल दाबलेला. डॉक्टरांची अशी तारांबळ उडाली की पेशंटच्या खुर्चीत तेच जाऊन बसले. बायकोने त्यांना दंडाला धरून उठवलं.

बाईंनी आ केला. डॉक्टरांनी दिवा खाली ओढला, आरसा आत घातला, बाहेर काढून पुसला आणि पुन्हा आत घातला. सातव्या प्रकरणातली दाढ जागच्या जागी होती. नंतर बसवली असेल म्हणून त्यांनी टकटक करून पाहिलं, तर अस्सल! आणि ठणकत होती ती नेमकी तीच.

“ताई,” ते चाचरत म्हणाले, “ही तर पडलीये ना?”

बाईंनी तोंड मिटलं. डॉक्टरांचं बोट थोडक्यात वाचलं.

“डॉक्टर, ते साहित्य झालं,” बाई शांतपणे म्हणाल्या. “दुखतंय ते बघा.”

दुसरा कुणी असता तर त्याचं मन तिथेच उडालं असतं. पण भक्ती म्हणतात ती हीच. डॉक्टरांनी क्षणभर विचार केला आणि त्यांना लख्ख दिसलं की चूक बाईंची नाहीच, चूक दाढेची आहे. जी गोष्ट हजारो वाचकांनी डोळे पुसत मान्य केली, ती ही एकटी दाढ इतकी वर्षं आडमुठेपणाने नाकारत बसली होती.

बायकोने एक्स-रे उजेडात धरला आणि ती कुजबुजली, “अहो, रूट कॅनल केलं तर ही सहज वाचतेय.”

डॉक्टरांनी तिला बाहेर कोण आलंय ते बघायला पाठवलं. बाहेर कुणीच नव्हतं. मग त्यांनी बाईंना गंभीर चेहऱ्याने सांगितलं की दाढ काढावीच लागेल. बाई कुरकुरल्या, पण दुखण्यापुढे त्यांचं चालेना. बायकोने निमूटपणे भुलीचं इंजेक्शन भरून दिलं. डॉक्टरांनी ते दिलं, वर आणखी एक दिलं, गाल बधिर झालाय ना म्हणून बाईंना पुन्हा पुन्हा विचारलं, आणि हलक्या हाताने दाढ उपटली. सातवं प्रकरण एकदाचं खरं झालं. बाईंना सोडायला ते थेट रिक्षापर्यंत गेले.

यथावकाश दुसरा खंड निघाला. डॉक्टरांनी गठ्ठाच आणला आणि स्वतः उघडायच्याही आधी बाहेर बसलेल्या पेशंटांना वाटून टाकला. मग आतून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. कुणी आलं नाही. पुन्हा हाक मारली. बाहेर येऊन बघतात तो बाकं रिकामी! गाल धरून आलेली माणसं गाल धरूनच निघून गेली होती.

बाकावर एक प्रत उघडी पडली होती. बायको ती उचलून मोठ्याने वाचू लागली. एका क्रूर डॉक्टरने बाईंची वाचण्यासारखी दाढ, भूल न देता, डोळ्यांत आसुरी आनंद आणून कशी उपटली, याचं अंगावर काटा येईल असं वर्णन होतं. खाली डॉक्टरांचं नाव होतं, आडनावासकट.

“अहो, इंजेक्शन मी माझ्या हाताने भरून दिलंय,” बायको संतापून म्हणाली. “आजच्या आज वकिलाकडे चला. दवाखाना बुडेल अशाने!”

डॉक्टरांनी पुस्तक तिच्याकडून घेतलं. तो परिच्छेद एकदा वाचला, परत एकदा वाचला. त्यांचा गळा दाटून आला.

“बाईंनी लिहिलंय म्हणजे,” डोळे पुसत ते म्हणाले, “त्या दिवशी भूल द्यायची राहूनच गेली असणार गं.”