हळू आवाजातला बाप

भोंगेराव हळू बोलायला लागले आणि घरातले धास्तावले.

भोंगेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. हौशी नाटक मंडळीतल्या लोकांनी ते आवाजावरून ठेवलं होतं, आणि ते इतकं चपखल बसलं की पुढे गिऱ्हाइकंसुद्धा तेच वापरायला लागली. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून ते "आता खालची ओळ वाचा!" म्हणाले, की समोरच्या न्हाव्याच्या खुर्चीतला माणूसही दचकून काहीतरी वाचायला शोधायचा.

मंडळीच्या नव्या नाटकात ते बापाचं काम करत. या बापाच्या मुलीला दुसऱ्या वंशाच्या, काळ्या रंगाच्या मुलाशी लग्न करायचं असतं आणि बाप तीन अंक थयथयाट करतो. "या घरात त्याची सावलीसुद्धा पडता कामा नये!" असं भोंगेराव गरजले की पडदा हलायचा. बासष्ट प्रयोग झाले. घरी तालीम चालायची तेव्हा बायको शांतपणे मटार सोलत बसे आणि मधेच म्हणे, "अहो, जरा सावलीपाशी थांबा, बेल वाजली वाटतं."

मग त्या नाटकावर चित्रपट करायचं ठरलं. भोंगेरावांना बापाचंच काम मिळालं. ते नवा शर्ट घालून पहिल्या तालमीला गेले आणि असे गरजले की ध्वनिमुद्रण करणाऱ्याने कानावरचा हेडफोन काढून टेबलावर आपटला.

"काका," दिग्दर्शिका म्हणाली. ती त्यांच्या मुलीच्या वयाची होती. "शेवटची रांग इथे नाहीये. माइक तुमच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणात आहे."

"पण बाप चिडलाय ना?"

"चिडू दे. हळू चिडू दे. तुम्ही ओरडलात की बघणारा म्हणतो, केवढा दुष्ट माणूस, मी नाही बाई असा. आणि पॉपकॉर्न खातो. तुम्ही हळू बोललात तर त्याला स्वतःचे काका आठवतील. कदाचित स्वतःचंच काहीतरी आठवेल."

हे भोंगेरावांना फार नवलाचं वाटलं. तिने संवादही सगळे बदलले होते. सावली गेली, गर्जना गेली. त्याऐवजी बाप फोनवर आपल्या भावाला सांगतो, "मुलगा चांगला असेल रे. नाही कोण म्हणतंय? पण फोटोत कसं दिसेल ते?" पुढे जावयालाही हेच, तितक्याच शांतपणे. बस्स, एवढंच. शिवाय एका कागदावर सही घेतली, की चित्रपट येईपर्यंत संवाद बाहेर सांगायचे नाहीत, घरीसुद्धा नाहीत. वर घरचा अभ्यास दिला: पंधरा दिवस हळू बोला.

भोंगेराव शब्दाचे पक्के. ते बाल्कनीत, न्हाणीघरात, कपाटाच्या आडोशाला मोबाइल कानाला लावून पुटपुटायला लागले. त्यांना स्वतःचंच कुतूहल वाटत होतं. जो बाप बासष्ट वेळा ओरडून कधी अंगावर आला नाही, तो आता नुसतं पुटपुटलं तरी खरा का वाटतो? "फोटो"वर थांबावं की "दिसेल"वर?

बुधवारी सकाळी बायको कपडे वाळत घालायला बाल्कनीत निघाली आणि दारातच थबकली. भोंगेराव पाठमोरे उभे होते. फोनवर म्हणत होते, "मुलगा चांगला असेल रे. नाही कोण म्हणतंय? पण फोटोत कसं दिसेल ते? आपल्या माणसांना काय सांगायचं?"

तिच्या हातातला ओला टॉवेल खाली पडला. कारण तिला एक गोष्ट माहीत होती, जी भोंगेरावांना अजून कुणी सांगितली नव्हती. त्यांच्या मुलीचं एका दाताच्या डॉक्टरवर प्रेम होतं. त्याचे आजी-आजोबा समुद्रापलीकडून आले होते आणि तो काळाभोर होता. दोघांना लग्न करायचं होतं, आणि रविवारी तो जेवायला येणार, तेव्हा बाबांना सांगायचं, असा माय-लेकींचा बेत होता.

"बाबांना कळलंय," तिने मुलीला खोलीत ओढून सांगितलं. "फोनवर कुणाला तरी सांगत होते. नको म्हणतायत."

"ओरडले?"

"नाही ना! ओरडले असते तर मी म्हटलं असतं नाटक आहे. हळू म्हणाले गं. इतकं हळू मी त्यांना लग्नातसुद्धा बोलताना ऐकलं नव्हतं."

मुलीचा चेहरा उतरला. तिने लगेच डॉक्टरला फोन लावला आणि रविवारचं रद्द केलं. कारण काय सांगावं ते सुचेना, म्हणून म्हणाली, "बाबांचा घसा बसलाय." मग उशीत तोंड खुपसून रडली.

वरच्या मजल्यावर आत्या राहत असे, म्हणजे भोंगेरावांची थोरली बहीण. माय-लेकींनी तिला साकडं घातलं. गुडघे धरत जिना उतरून ती संध्याकाळी खाली आली. सरळ विषय काढायचा नाही, आडून आडून चाचपायचं, असं तिने ठरवलं होतं. आता गंमत अशी, की त्याच आठवड्यात बैठकीच्या भिंती रंगवायचं घरात चाललं होतं, आणि आत्याला ते ठाऊक नव्हतं.

"काय रे," आत्या म्हणाली, "रंगाचं एवढं काय घेऊन बसलायस?"

"मी कुठे घेऊन बसलोय?" भोंगेराव हळू आवाजात म्हणाले. "पण गडद नको, ताई. मी आधीच सांगून ठेवलंय."

"गडद काय वाईट असतो?"

"दुसऱ्याच्या घरात छान वाटतो. आपल्या घरात नको. पाहुणे आले की आधी तिकडेच बघतात."

"अरे, पण पोरीला आवडला असेल तर?"

"तिला काय कळतंय? आज आवडतो, वर्षभराने कंटाळा येतो. आणि एकदा घरात आला की वरून कितीही हात मारा, जात नाही."

आत्या तडक उठली. या वेळी तिने गुडघेसुद्धा धरले नाहीत. वर जाऊन तिने भावजयीला फोन केला. "माझ्या पाठचा भाऊ आहे, पण मला त्याचं तोंड बघायचं नाही. हात मारा म्हणतोय गं!"

रविवार उजाडला. साडेदहाला माय-लेकी आत्याकडे सल्लामसलतीला वर गेल्या. अकराला रंगवाला भिंती बघायला येणार होता, त्याला भिंत दाखवा, एवढं बायकोने जाताना तुटकपणे सांगितलं. भोंगेरावांना बरंच वाटलं. घर मोकळं, पाठांतराला वाव.

पावणेअकराला बेल वाजली. दारात इस्त्रीच्या कपड्यांतला एक काळा तरुण उभा होता. हातात पिशवी होती.

"नमस्कार," तो म्हणाला. "आज रविवारी यायचं ठरलं होतं, तसा..."

"हो हो, या ना," भोंगेराव हळू आवाजात म्हणाले. "वेळेच्या आधी आलात."

"बोलू नका तुम्ही. घशाला त्रास होईल."

किती अगत्याचा माणूस आहे, असं भोंगेरावांच्या मनात आलं. त्यांनी त्याला सरळ भिंतीपाशी नेलं. "जरा बघा बरं, तुम्हाला काय वाटतं?"

भावी सासऱ्याने भिंत बघायला सांगितली तर भावी जावई बघतोच. घसा बसलेल्या माणसाला पाहून परत जायचं म्हणून तो आला होता, पिशवीत फळं आणि गुळण्यांचं औषध होतं. पण तो मुकाट्याने वाकला. बोटाने भिंतीवर टकटक केलं, कान लावला.

"आतून पोकळ आहे," तो विचार करून म्हणाला. "वरून नुसतं भरून उपयोग नाही. कीड मुळापर्यंत गेलेली दिसते. सगळं खरवडून साफ करावं लागेल. थोडं दुखणार."

"दुखणार म्हणजे खिशाला," भोंगेराव हसले. हा माणूस त्यांना आवडला. इतक्या काळजीने भिंत तपासणारा कारागीर त्यांनी पाहिला नव्हता. आणि दुसरी एक कल्पना त्यांच्या डोक्यात आली. सिनेमातला जावयाशी बोलायचा प्रसंग समोर कुणी नसल्यामुळे नीट बसत नव्हता. इथे तर आयताच माणूस उभा होता, अगदी भूमिकेला शोभेल असा.

"तुम्हाला वाचता येतं ना?" त्यांनी विचारलं.

तरुणाच्या दवाखान्याच्या भिंतीवर तीन पदव्या टांगलेल्या होत्या. "येतं थोडंफार," तो म्हणाला.

"मग हा कागद धरा. हे सिनेमाचं आहे, बाहेर कुठे बोलू नका. तुमचं वाक्य हे. 'मी तिला सुखात ठेवीन.' म्हणा."

"मी तिला सुखात ठेवीन," तरुण म्हणाला. वाक्य त्याने पहिल्याच झटक्यात असं म्हटलं, की भोंगेराव चकित झाले.

मग त्यांनी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि अगदी हळू, जवळजवळ मायेने म्हणाले, "तू चांगला असशील रे. नाही कोण म्हणतंय? पण फोटोत कसं दिसेल ते?"

भोंगेरावांच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला. "कसं वाटलं?" त्यांनी उत्सुकतेने विचारलं.

"खरं वाटलं."

"हो? कुठल्या शब्दाला?"

"'चांगला असशील'ला," तरुण म्हणाला. "आमच्या दवाखान्यात एक बाई आल्या होत्या. त्याही आधी 'तुम्ही चांगलेच असाल' म्हणाल्या. मग विचारलं, दुसरं कुणी नाही का? अगदी गोड आवाजात. म्हणून ओळखू आलं."

"अच्छा," भोंगेराव म्हणाले. "दवाखान्यांचं पण रंगकाम घेता तुम्ही?"

तरुणाने भिंतीकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि मग त्याच्या सगळं ध्यानात आलं. तो काही बोलणार, तेवढ्यात दारातून किंकाळी आली. माय-लेकी जिना उतरून आल्या होत्या, आणि फोटोचं वाक्य त्यांनी उघड्या दारातून ऐकलं होतं.

"बाबा! त्याच्या तोंडावर?" मुलगी म्हणाली. "कुणाच्याही तोंडावर असं बोलायला तुम्हाला..."

"अगं, सिनेमा आहे!" भोंगेराव दचकून मूळ आवाजात ओरडले. "तो नवा बाप हळू बोलतो! सही केलीय मी! आणि तू याला कशी ओळखतेस?"

मग पाच मिनिटं सगळे एकदम बोलत होते. सहीचा कागद निघाला, संवादाची पानं निघाली, बाल्कनीतला फोन निघाला, गडद रंग आणि वरून मारायचे हात निघाले, आणि तरुणानेही आपली हकिकत सांगितली. बायकोने कपाळावर हात मारून घेतला आणि हसू दाबायला पदर तोंडात कोंबला. भोंगेरावांना हायसं वाटलं. ते कौतुकाने म्हणाले, "म्हणजे तुम्हा सगळ्यांना खरं वाटलं? फोनवरचंही?"

"वाटलं," मुलगी म्हणाली. तिने पानं उचलून सगळी चाळली होती. "फोटोचं वाक्य दुसऱ्या पानावर आहे. माणसांना काय सांगायचं, तेही आहे. पण बाबा, हा दारात उभा राहिला आणि तुम्ही त्याला भिंत दाखवलीत. वाचता येतं का विचारलंत. ते कुठल्या पानावर आहे?"

भोंगेरावांनी पानांकडे हात नेला आणि मागे घेतला. पानांत बघण्यात अर्थ नव्हता. थोड्या वेळापूर्वीचा तो माणूस कुणी लिहून दिलेला नव्हता. त्याचं काम त्यांनी तालमीशिवाय, अगदी सहज केलं होतं. त्यांना मनापासून लाज वाटली. बासष्ट प्रयोगांत त्या बापाला त्यांनी मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या आणि दर वेळी पडदा पडल्यावर चेहरा धुऊन घरी आले होते.

"रंगवाला यायचा होता," बायको सावरून घ्यायला म्हणाली.

"फळांची पिशवी घेऊन?" मुलीने विचारलं. तिचा आवाजही हळू झाला होता, आणि ती तरुणाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आता ही दोघं इथून निघून जाऊ शकतात, आणि गेली तर आपल्याला अडवता येणार नाही, हे भोंगेरावांना स्पष्ट दिसलं.

ते तरुणासमोर उभे राहिले. काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालात?" मुलगी म्हणाली.

ते पुन्हा पुटपुटले. ओठ हलले, पण शब्द काही बाहेर पडले नाहीत.

तरुण जरा पुढे वाकला. त्याच्या आवाजात राग होता की थट्टा, ते कळत नव्हतं. थोडंथोडं दोन्ही असावं. "काका," तो म्हणाला, "तोंड जरा मोठं उघडा."

भोंगेरावांनी तोंड मोठं उघडलं.

"माझं चुकलं! मला माफ करा!"

खिडकीच्या काचा थरथरल्या. समोरच्या इमारतीत कुणीतरी गॅलरीत आलं. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि आत्याने खिडकीतून खाली ओरडून विचारलं, "काय रे, नाटकातलं का?"

मुलीने बापाकडे बघितलं. बघता बघता तिचे डोळे भरले. मग खिडकीबाहेर मान काढून ती म्हणाली, "नाही आत्या. हे घरातलं."